“नाहीतर राहू दे, मीच करते”

“मंडळाची अध्यक्ष झाल्यापासून सगळं मीच करते, आणि तरी सगळ्या माझ्यावरच नाराज. माझ्यात लीडरशिप नाहीच का?” कॉलेजमधल्या मुली माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न इतक्या वेळा घेऊन येतात की त्याचं उत्तर एका मुलीच्या हकिकतीतून द्यावंसं वाटलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तालुक्याच्या गावचं कॉलेज, वाणिज्य शाखा, तिसरं वर्ष. मुलींचं उद्योजकता मंडळ, त्यात 22 जणी. दिवाळीत त्यांनी रंगवलेल्या पणत्यांचा स्टॉल लावला होता. स्टॉल उठला आणि दोन आठवड्यांनी ही मुलगी आली. झोप लागत नव्हती. रात्री दोनला उठून ग्रुपवर कुणी काही लिहिलंय का ते बघायची. सगळ्यात जिवलग मैत्रीण कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायला लागली होती. आई म्हणत होती, “परीक्षा तोंडावर आलीये, पुरे झालं ते मंडळ.” राजीनाम्याचं पत्र लिहून तिने पर्समध्ये ठेवलेलं होतं.

अशा वेळी आधी झोप, जेवण, पाळी आणि जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार यांची सरळ विचारपूस करायची असते, आडून नाही. तिच्या बाबतीत काळजीचं काही नव्हतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. मंडळाचं काम त्यानंतर.

पहिल्या भेटीत कागदावर तीन रकाने पाडले: घटना, त्याबद्दलची समज, परिणाम. ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली मांडणी. घटना: स्टॉलला तोटा झाला. परिणाम: झोप उडाली, राजीनामा लिहिला. मधला रकाना भरायला तिला वीस मिनिटं लागली. शेवटी तिने दोन वाक्यं लिहिली. “अध्यक्षाने चुकताच कामा नये.” “काम सांगितलं तर मैत्रिणी दुरावतील, आणि ते मला सहन होणार नाही.” चुकू नये अशी इच्छा असणं रास्त आहे. ‘चुकताच कामा नये’ हा हट्ट आहे, आणि झोप हट्टाने उडते. पण एवढं सांगून भागत नाही. तोटा नेमका कशाने झाला हे कळल्याशिवाय ‘तुझा दोष नाही’ म्हणणं म्हणजे नुसती समजूत काढणं. म्हणून दुसऱ्या भेटीला हिशोबाचे कागद घेऊन ये, असं तिला सांगितलं.

कागद म्हणजे चुरगळलेल्या पावत्या आणि वहीचं एक पान. कच्च्या पणत्या 400, तीन रुपयांना एक, म्हणजे 1200. रंग, वॉर्निश, टिकल्या, लेस 1100. वाटेत आणि रंगवताना 40 फुटल्या. राहिल्या 360, म्हणजे सहा-सहाची 60 खोकी. खोकं 12 रुपयांना, त्याचे 720. माल झाला 3020 रुपयांचा. एका खोक्याला पन्नास पडले, म्हणून भाव ठरला 60. कँटीनच्या टेबलावर तिघींनी पाच मिनिटांत ठरवला. स्टॉलचं भाडं 500 आणि रिक्षाचे 240 त्या पन्नासात धरलेच नव्हते. एकूण खर्च 3760. खोकी विकली गेली 45, त्याचे आले 2700. सहा खोकी सर-मॅडमना आणि पाहुण्यांना भेट गेली, नऊ उरली. तोटा 1060 रुपये.

तिला एकच गणित करायला सांगितलं: साठच्या साठ खोकी विकली असती तर? 3600. म्हणजे एकही भेट न देता, एकही न उरता, तरीही 160 रुपये तोटाच. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. महिनाभर ती ‘मी ओरडले असते तर पोरी जास्त उभ्या राहिल्या असत्या, जास्त विक्री झाली असती’ असं मनात घोळवत होती. स्वभावाचा दोष म्हणून जे उरावर घेतलं होतं, ते भाव ठरवताना राहून गेलेले 740 रुपये होते. भाव 90 असता, तर 42 खोक्यांतच खर्च निघाला असता. आणि मुलींनी दोन दुपार बसून केलेली रंगवणी तर यात कुठेच मोजलेली नाही.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. ते 1060 रुपये तिने स्वतःच्या साठवणुकीतून भरले होते, आणि ‘खर्च निघाला’ असं ग्रुपवर टाकलं होतं.

इथे खरी गाठ होती. पदरचे पैसे घातल्यामुळे भाव चुकला होता हे 22 पैकी 21 जणींना कळलंच नाही. पुढच्या वेळी त्याच टेबलावर तसाच भाव ठरला असता. लिज्जत पापडची सुरुवात 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपयांवर केली, हे तिने परीक्षेच्या पेपरात लिहिलेलं होतं. पण ते 80 रुपये उसने घेतलेले होते, आणि तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही असं त्या बायकांनी ठरवलं होतं, हा त्यातला भाग तिच्या नजरेतून निसटला होता. देणगीने तोटा झाकला की हिशोब खोटा पडतो, मग ती देणगी अध्यक्षाचीच का असेना.

पुढच्या आठवड्यात तिने दिवाळीच्या स्टॉलची सगळी कामं आठवून लिहिली, अगदी चिकटपट्टी आणण्यापर्यंत. भरली 31. त्यातली 23 तिने केली होती. यातली अध्यक्षाशिवाय होणारच नव्हती अशी किती? चार: प्राचार्यांना अर्ज, जागेची परवानगी, पैसे काढताना सही, प्रभारी मॅडमना हिशोब. उरलेली 19 कामं तिच्याकडे कशी आली, हे तिच्याच फोनमध्ये होतं. ग्रुपवरचे मेसेज सगळे एकाच साच्याचे: “उद्या खोकी आणायची आहेत, कुणीतरी जाल का प्लीज?” अर्धा तास शांतता. मग तिचाच मेसेज: “नाहीतर राहू दे, मीच करते.” बावीस जणींत ‘कुणीतरी’ म्हणजे कुणीच नाही. आणि ‘मीच करते’ हे दोनदा वाचलं, की तिसऱ्यांदा गप्प बसून अर्धा तास वाट बघायची हे सगळ्या शिकतात. त्यांना तिनेच शिकवलं होतं, प्रेमाने.

काम सांगण्याचं वाक्य आम्ही तुकड्यांत बांधलं. एकीला उद्देशून, वस्तू, आकडा, वेळ, आणि अडलं तर कधी सांगायचं. “तू गुरुवारी दुपारी दोनपर्यंत 60 खोकी आण, बिल लिहून घे. जमणार नसेल तर बुधवारी रात्रीच सांग.” शेवटचा तुकडा मुली गाळतात, आणि नेमकं तिथेच बिघडतं. नाही म्हणायला वाट ठेवली नाही, की समोरची हो म्हणते आणि गुरुवारी फोन बंद ठेवते. ‘जमलं तर’, ‘राग नको मानूस हं’ हे शब्द लाल पेनाने खोडले. ‘प्लीज’ एकदा चालेल.

यानंतर भीतीची शिडी. कोणतं बोलणं किती अवघड वाटतं, शून्य ते शंभर. पहिल्या वर्षाच्या मुलीला टेप आणायला सांगणं 15. वर्गातल्या मुलीला स्टॉलवर दोन तास उभी राहा म्हणणं 40. उशिरा आलेलीला का उशीर झाला विचारणं 55. जिवलग मैत्रिणीला काम सांगणं 75. तोटा झाला आणि मी पैसे भरले, हे सगळ्यांसमोर सांगणं 95. आठवड्याला एक पायरी, त्याहून घाई नाही. प्रत्येक पायरीची तालीम खोलीतच: “अगं, तूच कर ना, तुला छान जमतं,” असं मी म्हणायचं आणि तिने उत्तर न देता मनात पाच आकडे मोजायचे. पहिल्या तीन वेळा ती दोनवरच “बरं, राहू दे” म्हणाली. चौथ्यांदा पाचपर्यंत पोचली.

मध्ये एकदा गाडी उलट्या दिशेने गेली. ‘ठाम बोलायचं’ म्हणून तिने पहिल्या वर्षाच्या एका मुलीला पोस्टर उशिरा आणल्याबद्दल सगळ्यांसमोर झापलं. पोरगी रडली आणि मंडळातून गेली. असं होतं, वर्षानुवर्षं गिळलेलं ‘नाही’ पहिल्यांदा बाहेर पडतं ते सगळ्यात लहानीवर. चारचौघांत केलेल्या अपमानाची माफी खासगीत मागून पुरत नाही. तिने आधी त्या मुलीला एकटीला भेटून माफी मागितली, मग बैठकीत सांगितलं, “त्या दिवशी माझं चुकलं. पोस्टरचा मजकूर मीच उशिरा दिला होता.” ती मुलगी परत आली नाही. ते तसंच राहिलं, आणि ‘सहन होणार नाही’ म्हणणाऱ्या मुलीने तेही सहन केलं.

बैठकीची वेळ हा विषय वरवर किरकोळ, पण मुलींच्या मंडळांत माझ्या मते सगळ्यात मोठा. बैठक साडेचारला असायची. बाहेरगावच्या नऊ मुलींची शेवटची सोयीची एसटी चार-वीसची. त्या कधी थांबल्या नाहीत, म्हणून त्यांच्यावर ‘इंटरेस्ट नाही’ असा शिक्का बसला होता. जेवणाच्या सुट्टीत, सव्वा वाजता, डबे घेऊनच बसायचं ठरलं, तेव्हा हजेरी आठवरून सतरावर गेली. रंगवणीला सगळ्यात सफाईदार हात त्या एसटीच्या मुलींतच निघाले. ही सोय घरच्या भांडणावरही लागू पडली. आठवड्याला मंडळासाठी सहा तास, संध्याकाळी सातच्या आत घरी, एवढं आईला सांगून पाळल्यावर आईचा विरोध मावळला नाही, पण रोजचा राहिला नाही.

बैठकीचा क्रम तिने कुठून आणावा, असं विचारल्यावर उत्तर तिच्याच घरात होतं. आई बचत गटात. गटाची पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब लेखन, तिला पाठ होती. यातली बैठक आणि हिशोब लेखन उचलले. हजेरी, मागचं इतिवृत्त, रोकड वही मोठ्याने वाचणं, नवं काम, सह्या. चाळीस मिनिटांत उठायचं. वही मोठ्याने वाचण्याला पर्याय नाही. दिवाळीत पैसे तिघींच्या फोनवर आणि एका डब्यात जमले होते, आणि दुसऱ्या दिवशी 180 रुपये कमी दिसले. ते एकीच्या फोनवर राहिलेले तीन व्यवहार होते, चार दिवसांनी सापडले. तोवर दोघींत बोलणं बंद झालं होतं. आता स्टॉलवर एकच क्यूआर कोड, डब्याला एकच मुलगी, आणि संध्याकाळी उठण्याआधी दोघींनी मोजून सह्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या बैठकीत ती 95 ची पायरी चढली. चार वाक्यं पाठ करून गेली होती, बोलली तीनच. काही क्षण कुणी बोललं नाही. मग एसटीवाल्यांपैकी एक म्हणाली, “भाव ठरवताना आम्हाला का नाही विचारलं?” हा प्रश्न तिने राग म्हणून ऐकला होता, पुढच्या भेटीत आम्ही तो पुन्हा वाचला, तेव्हा तिला त्यात ‘आम्हाला विचारा’ ऐकू आलं. पुढच्या नफ्यातून तिचे 1060 रुपये परत करायचे, असा ठराव वहीत झाला. जिवलग मैत्रिणीने त्यावर सही केली. टेबल बदललं नाही, पण सही केली.

संक्रांतीला तिळाच्या वड्या करायचं काहींच्या मनात होतं. खाण्याचं विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी आणि बावीस घरांतल्या स्वयंपाकाची चव-स्वच्छता एकसारखी राहणार नाही, म्हणून ते सोडलं. वाणासाठी कापडी बटवे ठरले. वाण डझनाने घेतलं जातं, त्यामुळे ऑर्डर आधी आणि निम्मे पैसे आगाऊ घेता येतात. एका बटव्याला कापड 11, लेस-दोरी 5, शिलाई 10, पिशवी 2, म्हणजे 28 रुपये. शिलाई दोन मुलींच्या आयांना मोजून दिलेली. भाव 45, या वेळी बैठकीत ठरलेला. बारा डझन गेले. 144 बटव्यांवर 2448, त्यातून भाडं-रिक्षाचे 740 वजा, राहिले 1708. तिचे 1060 परत केल्यावर 648 मंडळाच्या वहीत.

राजीनाम्याचं पत्र तिने फाडलं का, हे विचारलं नाही. फेब्रुवारीपासून दुसऱ्या वर्षाच्या उपाध्यक्षेने तीन बैठका चालवायच्या आणि हिने मागच्या बाकावर बसून न विचारता बोलायचं नाही, असं ठरलं. शिडीवर ही पायरी नव्हतीच. तिने ती नंतर 85 वर लिहिली. शेवटच्या भेटीला कामांची नवी यादी आणली: संक्रांतीची कामं 29, त्यातली तिची 8. आठाच्या पुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पोस्टरचा रंग अजिबात आवडला नाही. बदलला नाही.’