टोकियोहून लॉस एंजेलिसला राहायला जाताना

टोकियोत घर बघताना स्टेशन चालत किती मिनिटांवर, हेच आधी विचारतात. लॉस एंजेलिसमध्ये हा हिशेब चालत नाही. नोकरीचा पत्ता पक्का झाल्यावर सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेपाचला गाडीने किती वेळ लागतो ते नकाशावर बघा. रविवार दुपारचा आकडा फसवा असतो. शेवटच्या ट्रेनची धास्ती मात्र संपली म्हणा! घराला स्वतःचं पार्किंग नसेल तर खांबावरच्या सगळ्या पाट्या वाचा: झाडलोटीचा वार, तासांची मर्यादा, परमिट. एक पाटी सुटली की दंड. फुटपाथची कड लाल असेल तर थांबूही नका. मेट्रोला टॅप कार्ड, टोकियोतल्या सुइका या प्रवासाच्या कार्डासारखंच टेकवायचं. पण घर-ऑफिस दोन्ही मार्गावर असतील तरच गाडीविना निभावेल.