लांबट टोमॅटोचं बी धरलं, गोल कुठून आले?

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे, दिंडोरी तालुक्यात आमची टोमॅटोची शेती आहे. हायब्रीड लांबट टोमॅटोचं बी धरून मी परसात रोपं केली. काहींना लांबट फळं लागली, काहींना गोल. हे शिकवणारं शिक्षण असतं का? बाबा म्हणतात, मेडिकलची 'नीट'च दे.

उत्तर : नर्सरीतून रोपं आणली असतीस तर सगळी झाडं सारखी निघाली असती आणि हा प्रश्न पडलाच नसता. हायब्रीडचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात, म्हणजे झाडागणिक वेगळे दिसतात.

फळ लांबवणारी दोन जनुकं चांगली माहितीतली आहेत. 'ओव्हेट' 2002 मध्ये सापडलं. त्यातल्या बदलामुळे प्रथिन अपुरंच बनतं. पण ते अप्रभावी, दोन्ही बाजूंनी आलं तरच फळ लांबतं. तुझ्या लांबट हायब्रीडमध्ये ते असतं तर दोन्ही बाजूंनी आलेलं असतं, आणि तुझी सगळीच झाडं लांबट निघायला हवी होती. म्हणून माझा संशय 'सन'वर आहे. या जनुकाची नक्कल दहाव्या गुणसूत्रावरून सातव्यावर जाऊन बसली आणि तिथे जास्त काम करू लागली, हे 2008 मध्ये कळलं. एका बाजूने आलं तरी ते परिणाम दाखवतं. अर्थात इतर जनुकंही यात हात घालतात, त्यामुळे पैज लावणार नाही.

असा विचार रोज करून नवे वाण तयार करणाऱ्याला पैदासकार म्हणतात. वाट सरळ आहे: एमएचटी-सीईटी, चार वर्षांचं बीएस्सी ॲग्री, मग वनस्पती पैदास विषयात एमएस्सी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज नाशकातही आहे. पुढे बियाणे कंपन्या, नाहीतर बंगळुरू आणि वाराणसीच्या संशोधन संस्था. बायोटेकच्या चकचकीत माहितीपत्रकांना भुलू नकोस. शेतात पाय न टाकता पैदास शिकलेली मुलं मुलाखतीत अडखळताना मी पाहिली आहेत. एक वाण उभं करायला आठ-दहा वर्षं सहज जातात, हे बाबांना आधीच सांग. आणि गणित सोडू नकोस, संख्याशास्त्र लागतंच.

बाबांच्या समाधानासाठी 'नीट' दे, सीईटीचा फॉर्मही भर. जीवशास्त्राचा अभ्यास बराचसा एकच आहे.

सध्या एवढं कर. प्रत्येक झाडाला नंबर बांध. फळ आडवं काप, आतले कप्पे मोज. लांबट किती, गोल किती, दोन कप्प्यांची किती, सगळं वहीत लिही. मग ती वही घेऊन ये, बाबांनाही आण.