जनगणनेत हरवलेला सैनिक

प्रश्न : माझे खापरपणजोबा इंग्रज सैनिक होते. इंग्लंडच्या १८८१ च्या जनगणनेत त्यांचे नाव आहे, १८९१ मध्ये मात्र नाही. शोध पुढे कसा न्यावा?

उत्तर : नाव नाही म्हणून मृत्यू गृहीत धरू नये. १९११ पूर्वी परदेशी तैनात पलटणींची नावनिशीवार नोंद त्या जनगणनेत होत नसे, त्यामुळे ते हिंदुस्थानात किंवा माल्टात असू शकतील. १९०१ च्या नोंदीत कुटुंब सापडल्यास मुलांच्या जन्मस्थानाचा रकाना बारकाईने वाचावा. थोरला पोर्ट्समथला, मधली पुण्यात आणि धाकटा जिब्राल्टरला जन्मलेला असेल, तर वडिलांच्या पलटणीचा मार्गच हाती लागतो. वयावर मात्र फार विसंबू नये, कारण भरतीसाठी ते वाढवून सांगणारे पुष्कळ असत. पुढे लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘डब्ल्यूओ ९७’ ही सेवामुक्त सैनिकांची कागदपत्रे पडताळावीत.