इंग्लंडातला पहिला हिवाळा आणि तुझी बाईक

अरे, थंडीत बाईक बिनधास्त चालव, पण रस्त्यावरच्या मिठाला हलक्यात घेऊ नकोस. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, पारा शून्याकडे सरकला की बर्फ धरू नये म्हणून रात्रीच रस्त्यांवर खडेमीठ टाकतात, मातकट रंगाचं. सकाळी नुसता चिखल वाटतो. कोकणातला खारा वारा सायलेन्सर हळूहळू खातो, इथे एका हिवाळ्यात बोल्टची डोकी तांबारतात आणि इंजिनाच्या कव्हरवर रंगाखालून पांढरी पूड फुगून येते.

घरी आलास की त्याच संध्याकाळी बाईक धू, तीही गार पाण्याने. गरम पाण्याने गंजाला जोरच चढतो. प्रेशर वॉशर बेअरिंगवर आणि चेनवर मारू नकोस. पूर्ण सुकली की एसीएफ-५० या गंज रोखणाऱ्या तेलाचा पातळ हात दे. मूळचं विमानांसाठीचं आहे, महाग वाटेल, पण बाटली पुरते. ब्रेकची डिस्क आणि पॅड मात्र फडक्याने झाकून घे. माझ्या मागच्या डिस्कवर थोडं उडालं होतं, पहिल्याच सिग्नलला घाम फुटला! चेनला तेल राइडनंतर, ती कोमट असतानाच. आणि ओल्या बाईकवर कव्हर? अजिबात नाही.