छत्तीस तासांत काय काय कोंबायचं?

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या शनिवार-रविवारी आमच्या कॉलेजात ३६ तासांची हॅकेथॉन (सलग बसून ॲप बनवायची स्पर्धा) आहे. आम्ही चौघांनी डेव्हलपरांसाठी एकच ॲप करायचं ठरवलंय. कामांची यादी, २५ मिनिटांचा पोमोडोरो टायमर, नोट्स, कोडचे स्निपेट (छोटे तुकडे), गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या पुल रिक्वेस्ट (‘माझे बदल तपासून घ्या’ अशा विनंत्या), कॅलेंडर, सगळं एका जागी. आमच्यातला एक जण म्हणतो की एवढं होणार नाही. बाकीच्यांना वाटतं, कमी केलं तर परीक्षक विचारतील, “यात नवीन काय?” कुणाचं ऐकावं?
– एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : त्या एकट्याचं ऐका. त्याचं कारण मात्र मला पटलेलं नाही. सहाही गोष्टी होतील की! तयार कोडच्या लायब्ऱ्या आहेत, चौघं आहात, रात्र जागवायची हौस आहे. पण सहा चौकोन एका पानावर मांडले म्हणजे सहा टॅबचा एक टॅब केला, एवढंच. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, म्हणून झाकण उघडल्यावर आमटी मिळत नाही.

परीक्षक म्हणून मी दोन-तीन कॉलेजांत बसले आहे. रविवारची दुपार, नुकतं जेवण झालेलं, समोर सतरावी टीम, आणि “मॅम, डार्क मोडपण आहे” असं ऐकू आलं की मी पाण्याची बाटली शोधायला लागते.

नवीन काय ते सांध्यात असतं. समजा, मी एक पुल रिक्वेस्ट निवडून टायमर लावला. त्या २५ मिनिटांत लिहिलेलं टिपण आपोआप तिलाच चिकटलं. मधेच मीटिंग आली, मग घरून फोन, मी उठले. तासाभराने परत येऊन तीच पुल रिक्वेस्ट उघडली, तर माझं शेवटचं वाक्य समोर यावं : “इथे नल आला तर काय?” (नल म्हणजे रिकामी किंमत.) हिंजवडीत दिवसभर माझं हेच हरवतं. कामांची यादी नाही हरवत. ती मॉनिटरला चिकटवलेली असते. तेव्हा पुल रिक्वेस्ट, टायमर आणि टिपण एवढंच ठेवा. कॅलेंडर सोडा. स्निपेटसाठी गिटहबचंच गिस्ट २००८ पासून आहे.

आता टायमर. सोपा म्हणून तो टीममधल्या सगळ्यात नवख्याकडे जातो आणि तो बिचारा सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने तेच काम करून घेणारी आज्ञा) लावून दर सेकंदाला एक वजा करतो. पण टॅब मागे गेला की क्रोम त्या वजाबाकीला रेंगाळत ठेवतो. टॅब बराच वेळ झाकलेला राहिला तर मिनिटातून एकदाच चालू देतो. डेव्हलपर तर टायमर लावून एडिटरमध्येच जाणार! २५ मिनिटं संपली तरी तुमच्या घड्याळात वीस-एक मिनिटं शिल्लक. त्यापेक्षा संपायची वेळ सुरुवातीलाच लिहून ठेवा आणि दर वेळी तिच्यातून आत्ताची वेळ वजा करा. (फ्रान्चेस्को चिरिलोने ही पद्धत काढली ती स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर, पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. त्या टायमरला बिचाऱ्याला ही भानगड नव्हती.)

माझ्या पहिल्या हॅकेथॉनला आम्हा पाच जणांना लॉगिनच्या पानावरच रात्रीचे दोन वाजले. गूगलने लॉगिन, ईमेलने लॉगिन, पासवर्ड विसरलात का. सकाळी परीक्षक समोर आले आणि गिटहबचा चौकोन कोरा. ब्राउझरचा कन्सोल उघडला तर लाल अक्षरांत ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. टोकन (खात्याची ओळख पटवणारी गुप्त किल्ली) न लावता विचारलं तर गिटहबची एपीआय (दुसऱ्या ॲपना माहिती देणारी खिडकी) एका आयपी, म्हणजे इंटरनेटवरच्या, पत्त्याला तासाला फक्त ६० विनंत्या देते. हॉलमधले सगळे एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच. आमच्या वाट्याचे ६० शेजारच्या टेबलांनी कधीच संपवले होते. टोकन लावलं असतं तर आमच्या खात्याला तासाला ५,००० मिळाल्या असत्या. मी परीक्षकांना “काल चालत होतं” म्हणाले. ते मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेले.

म्हणून टोकन लावाच, शिवाय एपीआयचं एक उत्तर फाइलमध्ये साठवून ठेवा. वायफाय गेलं तर तेच दाखवा, आणि साठवलेलं आहे असं सरळ सांगा. टोकन कोडमध्ये लिहू नका. पुढच्या कमिटमध्ये (बदल नोंदवताना) पुसलं तरी ते गिटच्या इतिहासात राहतं. चुकून गेलंच तर लगेच रद्द करून नवीन घ्या. लॉगिनचं पान करूच नका, डेमोला तुमच्याच खात्यातून आधीच आत शिरून बसा.

आणि बोलायला, “एवढं होणार नाही” म्हणणाऱ्या त्या चौथ्याला उभा करा. तो कमी बोलेल.