जूनचे कर्ज आणि मुलांचे दूध

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये सातपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहेत. हातात दरमहा २४,००० रुपये येतात, त्यांतले ६,५०० भाड्यात जातात. मुलगा सहावीत आणि मुलगी दुसरीत आहे. एरवी महिना कसाबसा निभावतो. पण जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश, बूट, रेनकोट यांसाठी दरवर्षी १५,००० रुपये महिना तीन टक्के व्याजाने काढावे लागतात. जुलै ते नोव्हेंबर दरमहा ३,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज असे आम्ही फेडतो, आणि त्या पाच महिन्यांत मुलांचे दूध निम्म्यावर येते, अंडी बंद होतात. यंदाचा शेवटचा हप्ता नुकताच गेला. आणखी कुठे काटकसर करावी?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : ताई, आपल्या पत्रात उधळपट्टीचा एकही रुपया मला दिसला नाही. स्वयंपाकघरातून आणखी काही काढण्याजोगे उरलेले नाही, आणि जे काढले गेले आहे ते आधी परत आणायला हवे, असे मला फार वाटते.

आपला जून अचानक येत नाही. त्याची तारीख आणि रक्कम दोन्ही वर्षभर आधी ठाऊक असतात, तरीही तो दर वर्षी कर्जाने भागवला जातो. या कर्जाचे पाच महिन्यांचे व्याज ४५०, ३६०, २७०, १८० आणि ९० असे मिळून १,३५० रुपये होते. हे पैसे मुलांच्या तोंडातल्या घासातून गेले आहेत. मात्र याच हिशोबातून दुसरी गोष्टही दिसते : जे घर पाच महिने दरमहा ३,००० रुपये फेडू शकते, ते साठवूही शकते. डिसेंबर ते मे असे सहा पगार आपल्यासमोर आहेत. त्या प्रत्येकातून पगाराच्याच दिवशी २,५०० रुपये बाजूला काढले, तर जूनच्या आधी नेमके १५,००० जमतात. आणि हप्त्याच्या ३,००० मधले उरलेले ५०० रुपये दूध व अंड्यांसाठी मोकळे होतात. एकदा हे चक्र उलटले की पुढच्या जुलैपासून बारा महिन्यांत वाटून दरमहा १,२५० रुपयेच बाजूला काढावे लागतील. पहिले सहा महिने जड जातील, हे मी लपवत नाही.

ही रक्कम घरातल्या डब्यात ठेवू नये. बँकेत सहा महिन्यांच्या मुदतीची आवर्ती ठेव (दरमहा ठरलेली रक्कम भरायचे आरडी खाते) उघडावी. टपाल कार्यालयातील आवर्ती ठेव पाच वर्षांची असल्यामुळे ती जूनच्या कामाला सोयीची नाही. गल्लीतल्या भिशीबद्दल माझे मत सावध आहे : सगळ्या बायका वर्षानुवर्षे ओळखीच्या असतील आणि मे महिन्यातला नंबर आधीच ठरवून मिळत असेल तरच तिच्यात शिरावे, कारण भिशी मोडली तर दाद मागायला जागा राहत नाही.

जूनचा खर्चही थोडा उतरवता येईल. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. मुलांची शाळा यांत बसत नसेल, तर एप्रिलअखेर वरच्या वर्गातल्या मुलांकडून पुस्तके मागून घ्यावीत. रेनकोट दर वर्षी नवा लागत नाही. एक माप मोठा घेतला तर दोन पावसाळे निघतात.

बाजाराविषयी थोडे सांगते. दोन किलो भाजीसाठी सातपूरहून गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जाण्यात अर्थ नाही, जाण्यायेण्याच्या भाड्यात बचत संपते. पण शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून महिन्याचे कांदे, बटाटे, लसूण एकदाच आणले तर फरक पडतो. कांदा तर आपल्या जिल्ह्याचाच आहे. एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा नीट सुकलेला पाहून घ्यावा, हवेशीर जागी पसरून ठेवावा, बटाट्यांपासून दूर ठेवावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. असा कांदा चार महिने सहज टिकतो. हिवाळ्यातला लाल कांदा मात्र साठवणीचा नाही, तो लागेल तेवढाच आणावा. ज्या आठवड्यात हात फारच आखडला असेल, त्या आठवड्यात मोड आलेली मटकी आणि शेंगदाण्याचे कूट वाढवावे, मुलांचे दूध कमी करू नये.

शेवटी, आपण न विचारलेली एक गोष्ट. यजमान यंत्रावर काम करतात आणि सारे घर त्यांच्या एका पगारावर आहे. त्यांच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये जातात का, हे पासबुकात पाहावे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास तिच्यात २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. कपात दिसत नसेल, तर आवर्ती ठेव उघडायला जाल त्याच दिवशी यजमानांना सोबत नेऊन त्यांच्या बँकेत तोही अर्ज भरून घ्यावा.