बारावीच्या निकालापासून उलटे मोज

अनेक आशीर्वाद.

धडगावच्या आश्रमशाळांसाठी केलेला तुझा आराखडा दोनदा वाचला. बारा आठवडे, इंग्रजी संभाषण, मुलाखतीचा सराव, व्यक्तिमत्त्व विकास आणि शेवटी पुण्यातली महाविद्यालये दाखवणारी सहल. वर्गात एवढी बोलकी झालेली मुले प्रवेशाच्या वेळी कुठे नाहीशी होतात, असे तू विचारलेस आणि ‘प्रेरणा कमी पडते’ असे उत्तरही स्वतःच देऊन टाकलेस. ते वाचून मला थोडा रागच आला.

बारावीच्या निकालाच्या दिवसापासून उलटे मोज. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला पडताळणी समितीने खरा ठरवल्याचा कागद, लागते आणि त्यासाठी अनुसूचित जमातीच्या मुलांकडून 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा अपेक्षित असतो. भटक्या-विमुक्तांसाठी ती तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे, तर इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीने पणजोबांचा कागद शोधायचा, आणि पणजोबा तर शाळेची पायरीही चढलेले नसतात. मग गावच्या जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकातली नोंद, जुने महसुली उतारे, शाळेत गेलेल्या एखाद्या चुलत आजोबांच्या दाखल्याचा उतारा. त्यात एका ठिकाणी ‘वसावा’, दुसऱ्या ठिकाणी ‘वसावे’, आणि त्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्र. जूनमध्ये हाती घेतलेले हे काम जुलैत उरकत नाही. ते अकरावीतच सुरू व्हावे लागते. तुझे बारा आठवडे सुरू होतात बारावीच्या परीक्षेनंतर.

हे मी एका मुलीची जागा घालवून शिकलो. तिला औषधनिर्माणशास्त्राची जागा मिळण्याइतके गुण होते. मी तिला दोन महिने गटचर्चा शिकवत होतो आणि तिच्या घरी एकदाही गेलो नाही. प्रमाणपत्र आले तेव्हा प्रवेश बंद झाले होते. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणूनच ते अजून बोचते.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाच्या नावाची कागदपत्रांची फाइल करतो. आमच्यातलेच काही जण मला कारकून म्हणतात. म्हणोत. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात बहुजनांच्या शिक्षणासाठी हालचाल केली ती वसतिगृह काढून, कारण खेड्यातला मुलगा अडत होता तो राहण्या-जेवण्यापाशी. आपले मूल आज कुठे अडते, ते पाहून आपण काम का ठरवू नये? (इंग्रजी शिकवू नकोस असे मी म्हणत नाही. शिकव, पण फाइल पूर्ण झालेल्या मुलाला.)

आणि प्रवेश झाला की सुटलो, असे समजू नकोस. तिथूनही पुन्हा उलटे मोज. खानावळवाला पहिल्याच महिन्यात पैसे मागतो, शिष्यवृत्ती पुष्कळदा वर्ष निम्मे सरल्यावर येते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी राहण्या-जेवण्याचे पैसे देणारी स्वयम् योजना आहे, पण तीही अर्ज वेळेत केला तरच. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून येणारे शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते कोणत्या बँकेचे, हे घरात कोणालाच आठवत नाही, आणि मूल पैसे आलेच नाहीत असे समजून दिवाळीला घरी येते ते परत जात नाही. तू ज्याला प्रेरणेचा अभाव म्हणतेस, तो मी इतक्यांदा पाहिला आहे, आणि बहुतेक वेळा तो एका बँक खात्याएवढा निघाला आहे.

देणगीदारांना सहलीचे छायाचित्र हवे असते, हे मला ठाऊक आहे. तुझी अडचण मी हसण्यावारी नेत नाही. सहल ठेव, पण तिच्या खर्चातून आधी तहसील आणि पडताळणी समितीच्या फेऱ्यांचे एसटी भाडे बाजूला काढ. येत्या शनिवारी अकरावीच्या वर्गात जाशील तेव्हा भाषण करू नकोस. प्रत्येकाला आजोबांचे आणि पणजोबांचे पूर्ण नाव, आडनावासकट, कागदावर लिहायला सांग. ज्यांना लिहिता येणार नाही त्यांची यादी मला पाठव. त्यांच्या घरी आपण दोघे जाऊ.